ताठ बसायला लावणारं यंत्र: जुनाट कंबरदुखीचं एक प्रकरण

पहिल्या भेटीत त्या बोलता बोलता दर दोन-तीन मिनिटांनी एकदम ताठ व्हायच्या. मला वाटलं कळ येतेय. तिसऱ्या वेळी विचारलं, तेव्हा त्यांनी पाठीमागे हात नेऊन मणक्यावर चिकटवलेलं अंगठ्याएवढं यंत्र दाखवलं. पाठ ठरलेल्या कोनापेक्षा जास्त झुकली की ते थरथरतं. मुलाने वाढदिवसाला दिलेलं. "वीस वर्षं मी पोरांना सांगत आले, ताठ बसा, पोक काढू नका," त्या म्हणाल्या. "आता हे मला सांगतंय."

त्या शाळेत शिकवतात, म्हणून इथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. वय ४६. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि एकापेक्षा जास्त रुग्णांचे धागे यात गुंफले आहेत. बाईंचे आकडे त्या हिशेबाने वाचावेत. संशोधनातल्या चाचण्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

तक्रार आणि तपासणी

कंबर तीन वर्षांपासून दुखतेय. उजवीकडे जास्त, कधी कुल्ल्यापर्यंत, गुडघ्याखाली कधीच नाही. सकाळी आखडलेली, तिसऱ्या तासापर्यंत भरून आलेली, रात्री कूस बदलताना जाग. दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय अहवाल घड्या घालून घालून फाटायला आला होता. त्यात एल-४ आणि एल-५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) यांमधल्या चकतीला, म्हणजे गादीला, फुगवटा आणि त्याखालची चकती झिजलेली, एवढंच लिहिलं होतं. त्यावरून तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: गादी सरकली, मणक्यात गॅप आली, नस दबतेय. सल्ला मात्र तिघांचा एकच. वाकू नका, उचलू नका, पट्टा बांधून राहा.

धोक्याची लक्षणं आधी विचारून घेतली. लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरता, कारण नसताना वजन घटणं, ताप, पूर्वी कर्करोग, अपघात, पायातली ताकद कमी होत जाणं. यातलं काहीही नव्हतं. प्रतिक्षिप्त क्रिया, ताकद, संवेदना ठीक. झोपवून पाय सरळ उचलला तरी पायात कळ जात नव्हती. म्हणजे जुनाट कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के रुग्णांसारखंच हे, नेमक्या एका बिघडलेल्या भागावर बोट ठेवता न येणारं दुखणं.

उभ्याने पुढे वाकायला सांगितलं तर हात गुडघ्यापर्यंत जेमतेम पोचले. श्वास रोखलेला, जबडा आवळलेला, आणि वर येताना मांड्यांचा आधार. मग त्यांना उताणं झोपवलं आणि दोन्ही गुडघे छातीशी घ्यायला सांगितलं. घेतले, अगदी सहज. "दुखतंय?" नाही. कंबरेच्या मणक्यांना दोन्ही हालचालींत जवळपास तेवढीच वाक मिळते. गादी वाकल्यामुळे दुखत असती, तर आडवं पडल्यावर तिने अशी सवलत दिली नसती. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी गुडघे पुन्हा एकदा छातीशी घेऊन बघितले, विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या तपासतात तसे.

अहवालाबद्दलही बोलले. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन पाहिले गेले. त्यांतल्या चाळिशीच्या लोकांमध्ये झिजलेली चकती ६८ टक्के जणांना होती आणि फुगवटा ५० टक्क्यांना. बाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि अहवाल पुन्हा जपून पिशवीत ठेवला.

त्या दिवशीची मोजमापं: वेदना १० पैकी ६. रोलंड-मॉरिस प्रश्नावलीत २४ पैकी १४, म्हणजे कंबरेमुळे रोजच्या आयुष्यातल्या चोवीस गोष्टींपैकी चौदा अडलेल्या.

अंगावरची सामग्री

पाठीवरच्या यंत्राखेरीज त्यांच्याकडे आणखी तीन गोष्टी होत्या: मनगटावर स्मार्टवॉच, फोनमध्ये कंबरदुखीच्या व्यायामाचं ॲप, आणि कंबरेला पट्टा.

पट्ट्याचं लवकर आटपलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, रुग्णाला दुखणं समजावून सांगणं, मानसोपचारातल्या काही पद्धती यांना त्यात हो आहे. पट्टे आणि ट्रॅक्शनला (कंबर ताणून धरण्याला) नाही. दोन आठवड्यांत पट्टा हळूहळू सोडवला. फारसा विरोध झाला नाही, उकडायचं म्हणे.

ॲपबद्दल माझा पूर्वग्रह चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. एवढ्यांना हात लावायला पुरतील इतके फिजिओथेरपिस्ट कुठल्याच देशात नाहीत. व्यायामाचा उपयोग होतो, हेही आता बऱ्यापैकी पक्कं आहे: २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) २४९ चाचण्या होत्या आणि काहीच न करण्याच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत व्यायामाने वेदना १०० च्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी झाली. तेव्हा व्यायाम घरपोच देणारं काही असेल तर मला हवंच आहे. जर्मनीत ऑक्टोबर २०२० पासून डॉक्टर अशी ॲप चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात, त्यांत कंबरदुखीची ॲपही आहेत.

पण हाती पडणारा फायदा किती, हेही माहीत असावं. डेन्मार्क आणि नॉर्वेत ४६१ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेल्फबॅक चाचणीत ॲप होतं आणि सोबत पावलं मोजणारा मनगटी पट्टाही होता. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला, पण रोलंड-मॉरिसच्या २४ गुणांवर सरासरी ०.७९ चा. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चार किंवा अधिक गुणांची सुधारणा ॲपच्या गटात ५२ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांना झाली. आकडे एकाच चाचणीचे, ऐकायला मात्र किती वेगळे वाटतात.

रविवारचा डोंगर

घड्याळातून मागच्या चार आठवड्यांची पावलं काढली आणि कागदावर वारानुसार मांडली. सोमवार-मंगळवार दोन-अडीच हजार. बुधवारपासून चार हजारांच्या आसपास. शनिवारी पाच. रविवारी अकरा-बारा हजार.

"रविवारी काय असतं?"

"आठवड्याचं साचलेलं सगळं. आणि संध्याकाळी चालायला जाते, दहा हजार पुरे करायला. एक दिवस तरी व्हायला नकोत का?"

वेदनेची नोंद त्याच कागदावर खाली लिहिली. सोमवारी ७ किंवा ८, शुक्रवारी ४. इतके दिवस त्यांची समजूत होती की सोमवारी शाळेत बराच वेळ उभं राहावं लागतं, त्याने दुखतं. कागदाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग रविवारच्या रकान्याला लाल पेनने गोल केला. पेन त्यांचाच.

जुनाट दुखण्यातला हा नेहमीचा घोळ आहे. बरं वाटलं की सगळं उरकायचं, मग दोन दिवस झोपून काढायचे. रुग्णाला स्वतःला तो दिसत नाही, कारण दुखणं दुसऱ्या दिवशी येतं आणि दोष त्या दिवसाच्या कामाला लागतो. मनगटावरचं घड्याळ कंबरेबद्दल काडीचंही सांगू शकत नाही, पण हे अचूक पकडतं. माझ्या मते या सगळ्या सामग्रीचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

दहा हजारांबद्दल सांगितल्यावर बाई चिडल्याच. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर पसरला.

आम्ही रोजचे ३,५०० ठरवले, दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. रविवारी ६,००० च्या वर जायचं नाही. ३,५०० गाठणं सोपं गेलं. रविवारी सहा हजारांवर थांबणं पाच आठवडे जमलं नाही.

थरथर

पाठीवरच्या यंत्राला हात लावायला मी कचरत होते. मुलाची भेट होती.

आत असतो तो त्वरणमापक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी यंत्र किती अंशांत कललं ते मोजणारी चीप. तेवढंच. बाई खुब्यातून झुकल्या की कंबरेतून वाकल्या, स्नायू सैल होते की आवळलेले, हातात वह्यांचा गठ्ठा होता की काहीच नव्हतं, यातलं त्याला काही कळत नाही. मुलाच्या वहीत डोकावायला त्या बाकावर झुकल्या तरी ते थरथरतं. दिवसाला साठेक वेळा थरथरायचं. आणि 'योग्य' अशी एकच बसण्याची पद्धत असते आणि ती मोडल्याने कंबर दुखते, या समजुतीला आधार देणारा पुरावा कमकुवत आहे.

बाईंनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली. "ज्या दिवशी हे गप्प असतं ना, त्या दिवशी संध्याकाळी मी जास्त दमलेली असते." साहजिक आहे. ते गप्प राहावं म्हणून दिवसभर पाठ काठीसारखी धरलेली.

मग आम्ही चार आठवडे एक साधा प्रयोग केला: एक आठवडा यंत्र लावायचं, एक आठवडा नाही, पुन्हा तसंच. संध्याकाळची वेदना लिहायची. लावलेल्या आठवड्यांची सरासरी ६ च्या जवळ, न लावलेल्यांची साडेचार. एक माणूस, चार आठवडे, आणि दोघींनाही उत्तर काय यावं असं वाटत होतं ते आधीच माहीत. याला पुरावा म्हणायचं धाडस मी करणार नाही. निर्णयाला मात्र पुरेसं होतं. मुलाला काय सांगायचं ते त्यांनी त्यांचं ठरवलं.

पडद्यावरची रेष

तिसऱ्या भेटीत मी स्वतःच एक सेन्सर वापरला. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड चिकटवले आणि स्नायूंचा विद्युत आलेख पडद्यावर लावला. निरोगी माणूस उभ्याने पूर्ण खाली वाकतो तेव्हा शेवटच्या टप्प्यात पाठीचे स्नायू जवळपास गप्प होतात, भार अस्थिबंध आणि ऊतींवर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी १९५० च्या दशकात हे नोंदवलं. जुनाट कंबरदुखीत बऱ्याच जणांचे स्नायू गप्प होतच नाहीत.

बाईंची रेष वाकताना दाट झाली आणि तशीच राहिली, गवत उगवल्यासारखी. "आता तिथेच थांबा. मान सोडा. जबडा सोडा. श्वास बाहेर." काही नाही. "हात लोंबू द्या, मांडीवर ठेवू नका." काही नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला एक लांब उच्छ्वास गेला आणि डावीकडची रेष बसली. सपाट. दोन सेकंदांनी उजवीकडचीही. त्या उलट्या लोंबत्या अवस्थेतूनच विचारत होत्या, "बंद पडलं का तुमचं मशीन?"

मशीन चालू होतं. बोटं नडगीच्या मध्यावर पोचली होती.

मला विचाराल तर या प्रकरणाला वळण तिथे लागलं. पण ते लिहितानाच एक आठवण ठेवावी लागते. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या रिस्टोअर चाचणीत ४९२ रुग्ण होते, तीन गट. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी, म्हणजे मी वर करत होते तसंच काहीसं: दुखण्याचा अर्थ नव्याने लावणं, भीती वाटणाऱ्या हालचाली सैलपणे करून बघणं, राहणीमानात बदल. तिसऱ्याला हेच, अधिक अंगावरच्या हालचाल-सेन्सरचा प्रतिसाद. तेरा आठवड्यांनी दोन्ही उपचारगट नेहमीच्या उपचारांपेक्षा रोलंड-मॉरिसवर साडेचार-पावणेपाच गुणांनी पुढे होते आणि वर्षभराने तो फायदा टिकून होता. सेन्सर असलेल्या आणि नसलेल्या गटांत म्हणावा असा फरक नव्हता.

म्हणजे ती रेष मी दाखवली नसती, आरशासमोर नुसता श्वास सोडायला सांगितला असता, तरी बाई बहुधा तिथेच पोचल्या असत्या. मला आवडो न आवडो.

गृहपाठ

ॲपकडे मी उशिरा वळले, कारण तिथे सगळं उत्तम दिसत होतं. रोजचे अकरा व्यायाम, अठ्ठावीस मिनिटं, सलग २६ दिवस, एकही खाडा नाही. एवढं करूनही त्यांना पुलासारखी कंबर उचलायचा व्यायाम नीट दाखवता येईना, तेव्हा नोंदी उघडल्या. बहुतेक दिवशी अकराच्या अकरा व्यायाम रात्री पावणेबाराच्या सुमारास, दोन मिनिटांत पूर्ण.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. बाई लाल झाल्या, मग हसायला लागल्या. "साखळी तुटू नये म्हणून हो. आमच्याकडे याला गृहपाठ उतरवणं म्हणतात."

सुरुवातीचे आठ-दहा दिवस त्यांनी खरंच केलं होतं. ॲप फोनच्या कॅमेऱ्यातून सांध्यांचे बिंदू ओळखून हालचाल तपासायचं. अंधुक दिवा, सैल कपडे, अर्धं शरीर चौकटीबाहेर. ते दर दुसऱ्या खेपेला 'पुन्हा करा' म्हणायचं. बाईंना वाटायचं आपण चुकीचं करतोय आणि कंबरेला इजा होतेय. मग व्यायाम न करता पडद्यावर नुसत्या टिचक्या मारणं सुरू झालं. ॲपच्या हिशेबात मात्र त्या शंभर टक्के नियमित. तेव्हापासून कुठल्याही ॲपच्या नियमितपणाचे आलेख दिसले की मी आधी विचारते, हा आकडा टिचक्यांचा की घाम गाळल्याचा?

कॅमेरा बंद केला, साखळीची सूचना बंद केली. अकरातले तीन व्यायाम ठेवले: रेष बसवणारं सैल वाकणं, खुर्चीवरून उठबस, आणि जमिनीवरून वजन उचलणं. वजन कोणतं? त्यांना ज्याची सर्वांत जास्त भीती होती तेच, वह्यांचा गठ्ठा. दहा वह्यांपासून सुरुवात. वेळ रात्रीची नव्हे, शाळेतून आल्यावर चपला काढल्या काढल्या. आठवड्यातून एकदा ॲपमधून मला दोन ओळींचा निरोप. ॲपमधली ही निरोपाची सोय जाहिरातीत कोपऱ्यात असते, आणि आम्हाला सर्वांत जास्त तीच कामाला आली.

नववा आठवडा

परीक्षांच्या पेपरांचे गठ्ठे हलवल्यावर कंबर धरली. वेदना ७. हे होणार होतंच; अशा वेळी काय करायचं ते आम्ही लिहूनही ठेवलं होतं: पावलं निम्मी, व्यायाम हलके पण बंद नाही, दोन-तीन दिवसांत परत. बाईंनी ते केलं नाही. त्या दोन दिवस पडून राहिल्या, कारण सकाळी घड्याळाने झोपेला आणि 'शरीराच्या तयारीला' कमी गुण देऊन विश्रांती घ्या असं सांगितलं होतं.

ही चूक माझी. पावलांसाठी घड्याळ वापरायला लावलं आणि ते आणखी काय काय बोलतं इकडे मी बघितलंच नाही. मनगटावरून झोपेच्या टप्प्यांचा अंदाज बेताचाच असतो, आणि गुणांच्या काळजीनेच झोप उडणाऱ्या लोकांसाठी 'ऑर्थोसोम्निया' हा शब्द २०१७ पासून वापरात आहे. तो गुणांचा पडदा बंद केला. तिसऱ्या दिवशी बाई चालायला गेल्या, बाराशे पावलं. दहा दिवसांत कंबर पूर्वपदावर आली. आधीच्या तीन वर्षांत असा झटका आला की महिना जायचा, असं त्यांनीच सांगितलं.

पुढे

बाराव्या आठवड्याला रोलंड-मॉरिस ६, वेदना ३. एकूण सहा भेटी आणि चार व्हिडिओ कॉल झाले होते. सव्विसाव्या आठवड्याला ५ आणि ३. दुखणं गेलेलं नाही. सोमवारची सकाळ अजून आखडलेली असते. वह्या दहावरून चाळीसवर गेल्या.

ॲप पाचव्या महिन्यात फोनमधून गेलं. मला वाईट वाटलं नाही. चालणं राहिलं, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. २०२४ च्या वॉकबॅक चाचणीत ७०१ जण होते. चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं मार्गदर्शन मिळालेल्यांना पुन्हा दुखायला मध्यक २०८ दिवस लागले, न मिळालेल्यांना ११२. ती चाचणी कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांवरची होती, बाई काटेकोरपणे त्या गटात बसत नाहीत. तरी मी चालू द्या म्हटलं.

शेवटच्या भेटीत प्रश्नावली भरताना त्यांचं पेन दुसऱ्या विधानावर अडलं. कंबरेला बरं वाटावं म्हणून मी वारंवार बसण्या-उभं राहण्याची पद्धत बदलते, अशा अर्थाचं ते विधान आहे.

"यावर खूण केली तर माझे गुण वाढणार, म्हणजे दुखणं जास्त धरणार?"

"हो."

"पण बदलते ना मी. सगळेच बदलतात. वर्गात पोरं मिनिटभर एका जागी बसत नाहीत." त्यांनी खूण केली, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: प्रश्न चुकीचा.